नाशिकहून कासवांची घरटी राखायला जायचंय? मार्चऐवजी जानेवारीचा विचार करा

"नाशिकचे आम्ही सात जण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सुट्टी काढून कोकणात कासवांच्या घरट्यांचं रक्षण करायला जायचं म्हणतोय. रात्रीचा पहारा द्यायला मिळेल का? अंडी हलवायच्या कामात भाग घेता येईल का? बरोबर सातवीतली मुलगी आहे, चालेल का? आणि हजारात एकच पिल्लू जगतं म्हणतात, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग किती?" असा तुमचा प्रश्न.

मुलगी चालेल. तिला नक्की न्या, बाकीच्या सहांचं मग बघू. उरलेल्या तीन प्रश्नांना जरा वेळ द्यावा लागेल.

आधी मी कोण ते सांगतो. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. २०११ पासून दर हंगामात रजा साठवून वेळास, आंजर्ले, कधी गुहागर असा जात असतो. वनखात्याचा माणूस नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. तिथल्या कासवमित्रांच्या, म्हणजे गावात राहून घरटी शोधणाऱ्या आणि राखणाऱ्या माणसांच्या, मागे बादली घेऊन चालणारा गडी म्हणा. तेव्हा मी सांगतोय ते बादलीच्या उंचीवरून दिसलेलं आहे.

तुम्ही विचारलंय की घरटी कशी राखायची. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. घरटं राखायला साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात आणि तुमच्याकडे तीन आहेत. हंगाम धरला तर नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे उजाडेपर्यंत रोज पहाटे कुणीतरी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चालत असतं. ते काम गावातला माणूसच करू शकतो. मग साडेतीनशे किलोमीटरवरून तीन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाचा त्यात नेमका काय उपयोग, हा खरा प्रश्न. उपयोग आहे, पण तुम्ही डोळ्यांपुढे आणलाय तो नाही.

काम कसं चालतं ते आधी बघा. आपल्याकडे येतात त्या बहुतेक सगळ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या. रात्री भरतीच्या रेषेच्या वर येतात, मागच्या वल्ह्यांनी (वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी) सुरईच्या आकाराचा खड्डा काढतात, तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू ढकलतात आणि मग डावी बाजू, उजवी बाजू असं आलटूनपालटून अंग आपटत ती वाळू ठोकून बसवतात. तासाभरात सगळं उरकून समुद्रात परत. पुन्हा त्या घरट्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे आईचा पहारा नाहीच. कोल्हा, कुत्री, रानडुक्कर, खेकडे आणि माणूस यांच्या तावडीत घरटं पहिल्याच रात्री असतं.

म्हणून कासवमित्र अंधारात निघतो. तो अंडी शोधत नाही, माग शोधतो. अडीच फुटांच्या आसपास रुंदीचा, ट्रॅक्टरचं एकच चाक फिरल्यासारखा पट्टा पाण्यातून वर येतो आणि दुसरा परत जातो. मध्ये विस्कटलेली वाळू. कधी कधी मादी वर येते, तिला काही पटत नाही आणि अंडी न घालताच फिरते. तेव्हा माग असतो, घरटं नसतं. मग जुना माणूस काठी घेऊन हलक्या हाताने वाळू चाचपतो. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि एका जागी काठी जराशी सैल आत जाते. तिथे थांबायचं. आणखी बोटभर दाब दिला तर वरचं अंडं फुटतं. हे मी तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय, करून बघावं म्हणून नाही. मी इतक्या वर्षांत स्वतः काठी धरलेली नाही. ज्या काकांकडून शिकलो, त्यांनीही कधी "धर" म्हटलं नाही, आणि मीही मागितली नाही.

मग हाताने उकरायचं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, पण कवच कडक नसतं, दाबलं तर चामड्यासारखं खळगा पडणारं. ताजी असली तर ओलसर, चिकट लागतात. एकेक उचलून मोजायची, तळाला घरट्यातलीच वाळू टाकलेल्या बादलीत ठेवायची, खड्ड्याची खोली आणि रुंदी मापून घ्यायची आणि हॅचरीत तेवढ्याच मापाची सुरई पुन्हा खोदायची. हॅचरी म्हणजे काही मोठं नसतं, भरतीच्या वर जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा तुकडा. प्रत्येक घरट्यावर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या, कुठे सापडलं. पंचेचाळीस दिवस झाले की वर टोपली पालथी घालायची आणि दिवसातून अनेकदा उचलून बघायचं.

अंडी हलवायलाच हवीत का, हे मात्र किनाऱ्यावर अवलंबून आहे. घरटं भरतीच्या रेषेच्या पुरेसं वर असेल, कुत्री-कोल्ह्यांचा त्रास कमी असेल, वस्ती आणि दिवे लांब असतील, तर ते जागच्या जागी जाळी लावून राखणं कधीही चांगलं. याचं एक कारण असं की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, वाळू त्याहून तापली तर माद्या वाढतात, गार राहिली तर नर. हॅचरीत सगळी घरटी एकाच उन्हात, एकाच वाळूत येतात. जागा चुकली तर एका फटक्यात सगळ्या हंगामाचा तोल जातो. दर वर्षी हॅचरीची जागा किंवा वाळू बदलतात ती वेगळ्या कारणासाठी, जुन्या वाळूत बुरशी धरते. उलट घरटं अशा जागी असेल की पुढच्या उधाणाला पाणी त्यावरून जाणार, तर न हलवणं म्हणजे ती अंडी बुडवणंच. हा निर्णय कासवमित्र आणि वनखातं घेतं. आपण लांबून आलेल्यांनी त्यात "यूट्यूबवर तर असं म्हणतात" करू नये.

आता अंडी हलवण्यात हात लावण्याबद्दल. कायदा आधी सांगून टाकतो: ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. पण माझं मत कायद्यामुळे बनलेलं नाही, माझ्या हातून झालेल्या एका घाणीमुळे बनलंय.

माझा तिसरा हंगाम होता. एका छोट्या किनाऱ्यावर एकाच पहाटे दोन घरटी सापडली. काका लांबच्या घरट्याकडे गेले आणि जवळच्या घरट्याची मोजून भरलेली बादली माझ्या हाती देऊन म्हणाले, "सावकाश, सरळ हॅचरीत." मी सरळ गेलो नाही. सूर्य वर येत होता, प्रकाश छान होता, मी बादलीचे फोटो काढले. मग एक ओळखीचे गृहस्थ भेटले, त्यांना अंडी दाखवली, हातात घेऊन फिरवून दाखवली. हॅचरीत पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. खड्डा तयार होता. मी बादली तिरकी केली आणि लासलगावला ट्रॉलीतून कांदे ओततात तशी अंडी ओतली.

काकांनी ते बघितलं. काही बोलले नाहीत. पाटीवर तारीख लिहिली, आकडा लिहिला, ११२.

दीड-दोन महिन्यांनी फोन आला. एकोणीस पिल्लं निघाली होती. शेजारच्या, त्याच दिवशीच्या घरट्यातून नव्वदच्या वर. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून कवचं मोजतात, न फुटलेली अंडी उघडून बघतात. त्यातल्या बऱ्याच अंड्यांत वाढ अगदी सुरुवातीलाच थांबलेली होती, असं काकांनी सांगितलं. पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. मादीच्या पोटात असेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर पडलं की ती सुरू होते आणि काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं, उलटं केलं, आपटलं की तो सुटतो आणि मरतो. म्हणून अंडी जितक्या लवकर, जितकी कमी हलवून न्याल तितकं बरं, आणि दिवस वर आल्यावर सापडलेलं घरटं तर वरची बाजू वरच ठेवून न्यावं लागतं. कोंबडीच्या अंड्याच्या सवयीने आपण अंडं हातात घेतलं की फिरवतोच. एकोणीसच का निघाली याला आणखीही कारणं असू शकतील, पण माझ्या मनात तो आकडा फोटोंच्या खात्यावर जमा आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला "एक अंडं हातात घेऊन बघू का" असं वाटलं, तर माझी ही गोष्ट आठवा.

रात्रीच्या पहाऱ्याचं थोडक्यात सांगतो. सात जण, सात मोबाईल, सात बॅटऱ्या रात्री पुळणीवर फिरू लागले तर वर येणारी मादी पाण्यातूनच परत जाते. पहारा म्हणजे जितकी कमी माणसं तितका चांगला. हॅचरीला कुंपण असतं, तिथे राखणदार असतो. तुम्ही झोपलात तर त्याला मदतच होईल.

शिवाय मार्चमध्ये अंडी घालण्याचा भर ओसरत आलेला असतो, तेव्हा मुख्यतः पिल्लं निघत असतात. वेळासला ती सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, लोक दोरीमागे उभे राहून बघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक २००२ मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी तिकडे फिरत असताना त्यांना कासवांची फोडलेली अंडी दिसली, तिथून हे काम उभं राहिलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून माहीत असलेलं वेळास आता कासवांचं गाव झालं. पूर्वी अंडी खायला नेणारी गावंच आता ती राखतात, आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे घराघरांत जातात. मला विचाराल तर कोकणातल्या कासवांच्या कामातली सगळ्यात हुशारीची गोष्ट कुंपण नाही, ती ही घरगुती निवास-न्याहारी आहे. अंडं विकून एकदा पैसे मिळत होते. राखून दर हंगामात मिळतात.

म्हणून तुमचा पहिला उपयोग तोच: गावातल्या घरी उतरा, तिथेच जेवा, घासाघीस करू नका. कुळथाचं पिठलं आणि सोलकढी मिळेल, नाशिकचं तिखट विसरा. मी दर वेळी द्राक्षांची पेटी नेतो. आपला द्राक्षांचा हंगाम आणि त्यांचा पिल्लांचा हंगाम एकदमच येतो, हा योग सोडू नये.

दुसरा उपयोग कंटाळवाण्या कामाचा. कासवमित्राला विचारा, काय करू? उत्तर बहुधा असं येईल: कुंपणाची जाळी खालून उचकटलीय ती पुरा, खेकडे तिथूनच शिरतात. वाटेवरच्या प्लास्टिकच्या दोऱ्या आणि जाळ्यांचे तुकडे उचला, पिल्लं त्यात अडकतात. वहीतले आकडे नीट उतरवून द्या. गेल्या काही वर्षांत माझं मुख्य काम हे शेवटचंच आहे. तीन हंगामांची ओली, मिठाने फुगलेली वही मी सिडकोतल्या घरी बसून संगणकावर चढवली. कौतुक कुणी केलं नाही, पण पुढच्या वर्षी काकांनी नवी वही माझ्याकडे आपणहून दिली. एक सूचना: साफसफाईच्या उत्साहात मर्यादवेल उपटू नका आणि भरतीच्या वरची वाळू दाताळ्याने ओढू नका. ती वेल वाळू धरून ठेवते, आणि खाली नजरेतून सुटलेलं घरटं असू शकतं. गाडी पुळणीवर नेण्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहायला लागलो तर भाषा बिघडेल.

पिल्लं बघताना मुलीला हे समजावून न्या. पिल्लू क्षितिजाजवळच्या सगळ्यात उजळ बाजूकडे चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. मागून मोबाईलचा दिवा लागला की ते मागे वळतं. फ्लॅश नाही, दिवा नाही, दोरी ओलांडायची नाही. "बिचारं दमलंय, पाण्यात ठेवूया" हे मोठी माणसंच जास्त म्हणतात. ते ठेवायचं नाही. त्या चालण्यातच त्याची किनाऱ्याशी ओळख होते असं मानतात, आणि ते वल्ही मारायला तयार होतं. लाट येते, त्याला उलटंपालटं करून पुन्हा वर फेकते, ते परत निघतं. दोन-तीनदा असं झालं की बघणारी सगळी माणसं गप्प होतात. आणखी एक, निराशेची तयारी ठेवून जा. पिल्लं वेळापत्रकाने निघत नाहीत. थंडीतली घरटी जास्त दिवस घेतात. मी सलग दोन दिवस टोपलीखाली नुसती वाळू बघून परत आलेलो आहे, नाशिकला पोहोचेपर्यंत फोन आला की आत्ता चौऱ्याऐंशी निघाली.

आता हजारात एक. हा अंदाज आहे आणि सगळेच सांगतात, कमी-जास्त तो खराही असेल. पण हिशोब उलटा मांडून बघा. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि त्यानंतर ती अनेक हंगाम अंडी घालते. आयुष्यभराच्या त्या सगळ्या अंड्यांतून दोन पिल्लं मोठी होऊन अंडी-पिल्लांना लागली की जमात तेवढीच टिकते. निसर्गाने हजारात एकाच हिशोबाने अंडी दिलेली आहेत, तो तोटा नाही. तोटा होतो तो घरटंच्या घरटं कोल्ह्याने किंवा माणसाने नेलं की. तिथे हजारात एकही उरत नाही. हॅचरी फक्त एवढंच करते, शून्याचं पुन्हा हजारात एक करते.

याच हिशोबाने आणखी एक निघतं, ते लोकांना आवडत नाही: जाळ्यात गुदमरून मेलेली एक मोठी मादी ही कित्येक घरटी वाया जाण्याएवढी महाग असते. म्हणून २०१८ पासून राज्यात योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी कोळ्याने स्वतःचं जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. घरट्यांच्या फोटोंखाली हजार लाईक येतात, या योजनेबद्दल कुणी विचारत नाही. तुम्ही ज्या बंदरावर मासे घ्याल तिथल्या माणसाशी याबद्दल दोन शब्द बोललात तरी ते काम आहे.

आणि या माद्या जातात कुठे हे आता आता कळायला लागलंय. २०२२ च्या सुरुवातीला पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, त्यातली वेळासची पहिली, नाव प्रथमा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी, क्रमांक ०३२३३, २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. तिच्या १२० अंड्यांतून १०७ पिल्लं निघाली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा वेगळे, असं धरून आम्ही इतकी वर्षं गप्पा मारत होतो.

नाशिकलाच करण्यासारखं एक काम आहे आणि ते तुम्हाला जानेवारी-मार्चची वाट न बघता करता येईल. कासवांच्या कामात आहे म्हटल्यावर मला वर्षातून चार-पाच फोन येतात, "विहिरीत कासव सापडलंय, तुम्ही कोकणात जाताना समुद्रात सोडाल का?" समुद्रात सोडलं तर ते मरेल. गोदावरीचं, विहिरीचं, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातलं कासव गोड्या पाण्याचं, त्याच्या पायाला बोटं आणि नखं असतात, वल्ही नसतात. ते सापडलं त्याच पाण्यात राहू द्यायचं, आणि जखमी असेल किंवा कुणी घरात डांबलं असेल तर वनखात्याच्या १९२६ वर कळवायचं. आपली देशी कासवं घरात पाळणं, मग ते लक्ष्मी येते म्हणून आणलेलं तारा कासव का असेना, गुन्हा आहे. आणि कानापाशी लाल पट्टा असलेलं ते विकतचं परदेशी कासव मोठं झाल्यावर कंटाळून रामकुंडाकडे किंवा गंगापूर धरणात सोडू नका. ते आपल्या कासवांचं अन्न आणि जागा खातं. तुमच्या मुलीच्या वर्गात अशी कासवं किती घरी आहेत ते तिला विचारायला सांगा, आकडा ऐकून चकित व्हाल.

तर माझा सल्ला असा. मार्चचं बुकिंग झालं असेल तर जा, दोरीमागे उभे राहा, गावात पैसे खर्च करा, त्यात कमीपणा काही नाही. पण सातातल्या दोघा-तिघांना खरंच काम करायचं असेल तर त्यांनी जानेवारीत यावं. तेव्हा गर्दी नसते, घरटी रोज सापडण्याचे दिवस असतात आणि कासवमित्राला सोबत चालणारं माणूस हवंसं वाटतं. आधी गावात फोन करा, वनखात्याची परवानगी कशी लागते ते त्यांनाच विचारा, आणि निदान पाच पहाटे राहा. पहिल्या दोन पहाटे तुम्ही फक्त त्यांचा वेग पकडण्यात घालवाल. मऊ वाळूत चार-पाच किलोमीटर चालणं पांडवलेणी चढण्यासारखं नाही, पोटऱ्या वेगळ्याच जागी दुखतात. तिसऱ्या पाळीची सवय असलेला कुणी तुमच्यात असेल तर त्याला आधी पाठवा, त्याला निदान चार वाजता जाग येईल.

वेळासला जायला मी कसारा घाट उतरून पनवेल, माणगाव, हरिहरेश्वर आणि तिथून बागमांडल्याची जेट्टी पकडतो. गाडी बोटीवर चढते, खाडी ओलांडून वेसवीला उतरते, पुढे गाव जवळच. शेवटची बोट किती वाजता ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. आम्ही एकदा पाच मिनिटांनी चुकलो होतो आणि द्राक्षांची अर्धी पेटी जेट्टीवरच संपली.